बेट अजून आलेलं नाही

रात्रपाळी संपली पहाटे पाचला.
कानांवर हेडफोनचे वळ तसेच,
कुठल्याशा दूरदेशीच्या बाईचं बिघडलेलं वॉशिंग मशीन
अजून डोक्यात गरगरतंय,
आणि आम्ही बसमध्ये.
एस्तान्सियाच्या धक्क्यापर्यंत रोमेल तोंड उघडं टाकून झोपला.
गेलिननं आत एक शेंगदाणा टाकून बघितला.

धक्क्यावर वही: नाव, वय, घरचा फोन.
आम्ही पाच, नावं सहा.
मारिवेलचे पैसे आधीच भरलेले,
आणि मारिवेल गुरुवारीच दोहाला गेलेली,
कुणाची तरी जुळी सांभाळायला.
"खोडू का?" मानोंग तेबाननं विचारलं.
कुणीच काही बोललं नाही.
त्यानं पेन कानामागे खोचलं.

दोन्ही अंगांना बांबूच्या उलांड्या पसरून
होडी निघाली पाणनिवळीसारखी.
इंजिन असं भडभडत होतं
की गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागली.

पहिल्या बेटावर शिंपल्यांचा ढीग, घराएवढा.
ढिगाशी बसलेल्या बाईनं सुरी न थांबवता विचारलं,
"एक किलो की दोन?"
वाफाळते शिंपले, मिरची घातलेला व्हिनेगर, केळीच्या पानावर भात.
सहा पानं मांडली गेली, हाताला सवय म्हणून.
सहावं बोयेटनं संपवलं, खाली मान घालून,
दुसऱ्याच्या नावानं परीक्षा द्यावी तसं.

बेट सोडताना तेबान डोकी मोजतो.
बोट नाचवत, ओठ हलवत.
पाचावर थांबतो, वहीकडे बघतो,
पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या बेटावर कातळात कोंडलेलं तळं,
हिरवं, इतकं स्वच्छ की तळाशी बोयेटची चप्पल दिसत होती.
ज्युदिथ काठावर. बेटावरच जन्मली, पोहता येत नाही.
"माशांना तरी कुठे चालता येतं?" म्हणाली.
रात्री तिथंच झोपडीत, रम, कराओके,
बॅटरी संपल्यावर नुसताच रोमेल.

रविवारी तिसरं बेट.
तेबाननं भर समुद्रात इंजिन बंद केलं, नांगर टाकला.
"पोचलो."
कुठे? चहूकडे पाणी.
"बेट अजून आलेलं नाही," तो म्हणाला, "तासभर थांबा,"
आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

इंजिन नव्हतं. मग आवाज खाली आले.
ज्युदिथ म्हणाली, माझाही पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे.
कुठे, ते तिनं सांगितलं नाही.
रोमेल म्हणाला, माझा पासपोर्ट आलाय, मार्चमध्येच.
गेलिन बराच वेळ उलांडीवर पाय घासत राहिली.
मी पाण्याकडे बघत होते,
माझाही अर्ज कपाटात आहे, कपड्यांच्या खाली.

एवढ्यात एक बगळा आला
आणि समुद्रावर उभा राहिला.
खरंच, समुद्रावर, घोट्याएवढ्या पाण्यात.
त्याच्या पायांभोवती निळं फिकट होत गेलं,
पिवळसर, मग पांढरं,
मग ओल्या वाळूची लांब पाठ वर आली,
झोपेतून उठणाऱ्या म्हशीसारखी.

झाड नाही, विक्रेता नाही, सावली फक्त आपलीच.
पार टोकाला फोनला रेंज, तीही एक काडी.
मारिवेलनं उचलला. तिथं सकाळचे सहा,
जुळी झोपलेली, ती कुजबुजत होती.
"दाखवा ना."
आम्ही फोन गोल फिरवला.
"नुसतं पांढरं दिसतंय," ती म्हणाली,
आणि तिच्या मागे कुणीतरी रडायला लागलं.

पाणी पावलांवर चढेपर्यंत आम्ही तिथं होतो.

धक्क्यावर पुन्हा तीच वही, पण दुसरा शिपाई.
सहा गेले, पाच आले. सहावी कुठाय?
आलीच नव्हती. मग नाव का लिहिलं?
पाचही जण एकदम बोलायला लागलो,
एकाचंही धड लागेना.
शेवटी तेबाननं कानामागचं पेन काढलं,
मारिवेलच्या नावापुढे लिहिलं: उतरली.
कुठे, त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

बसमध्ये रोमेलचं तोंड पुन्हा उघडं.
गेलिनकडे शेंगदाणे उरले नव्हते.